पंधराशेचा हिशेब कोण मागतंय?

लाडक्या बहिणीच्या पंधराशे रुपयांचं ती करते काय, याची चौकशी गावोगावच्या चहाच्या टपरीवर रोज होते. त्याच बाकड्यावर ऐंशी हजार पगाराचा माणूस बसलेला असतो. त्याच्या ऐंशी हजारांचं काय होतं, हे कुणी विचारत नाही.

विचारणारा तोच असतो.

पंधराशे म्हणजे दिवसाला ५० रुपये. एवढ्यावर माणसं ऐतखाऊ होतात असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी एक महिना पन्नास रुपये रोजावर बसून खाऊन दाखवावं. आहे तयारी?

जुलै २०२४ पासून ही योजना सुरू झाली. २१ ते ६५ वयाची बाई, घरचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, महिन्याला १५०० थेट खात्यावर. पुण्या-मुंबईत या रकमेचा जो अर्थ होतो, तो धाराशिव जिल्ह्यात होत नाही. नीती आयोगाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातले चार जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले, त्यांत नंदुरबार, वाशीम, गडचिरोलीबरोबर हा जिल्हा आहे. इथे पावसाचा भरवसा नाही, भावाचा नाही, रोजगाराचा नाही. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात माल चार हजारांच्या आसपास घालावा लागत होता. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा-भूमकडे पुराने पीक नेलं. कुठे कुठे मातीही नेली.

अशा मुलखात ठरलेली रक्कम हातात आली की लोक काय करतात?

उधळतात. उत्तर तयारच असतं. पुरावा मागायची पद्धत नाही.

पहिला आरोप साडीचा. ऑगस्ट २०२४ मध्ये राखीपौर्णिमेच्या तोंडावर दोन महिन्यांचे तीन हजार एकदम जमा झाले आणि कापड दुकानांत गर्दी झाली. झाली की! जिने आयुष्यभर नवऱ्याच्या आणि भावाच्या मर्जीने लुगडं नेसलं, तिने स्वतःच्या पैशाने रंग निवडला. यात कुणाचं काय बिघडलं? कापड दुकानदाराने तरी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून काय झालं, ते पाहायला टपरीवरून उठावं लागतं. किराणा दुकानात जावं लागतं.

दुकानदाराच्या गल्ल्याशेजारी उधारीची लांबट वही असते. रोजंदारीच्या घराचं पान उघडा. तेलाचा लहान पुडा. चहाची पाच रुपयांची पुडी. साखर पावशेर. साबणाची वडी, तीही लहान. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दहा-दहाच्या पुड्यांची बेरीज करा आणि किलोच्या भावाशी ताडून पाहा. गरिबाचं घर रोज विकत घेतं, म्हणून महाग विकत घेतं. महिन्याचा किराणा एकदम भरण्याची चैन फक्त पगारदाराला परवडते, आणि तीच स्वस्त पडते.

महिन्याला काहीतरी नक्की येणार, हे कळल्यावर पहिला बदल या वहीत दिसतो. मागची बाकी थोडी थोडी उतरते. तेल पुड्यातून डब्यात येतं. आणि एक गोष्ट होते, जी कुठल्याही सरकारी अहवालात येत नाही. बाकी असलेल्या गिऱ्हाइकाला भाव विचारता येत नाही, दुकानदार देईल ते आणि लावील त्या दराने घ्यावं लागतं. बाकी फिटली की ती बाई काउंटरवर उभी राहून विचारते, ‘दादा, शेंगदाणे कसे दिले? जरा जास्त होत नाहीत का?’

हे विचारण्याची किंमत पंधराशेत मोजता येते का?

पुढचे खर्च सगळ्यांना माहीत आहेत, पण टपरीवर कुणी बोलत नाही. सासूच्या रक्तदाबाच्या गोळ्या, ज्या सरकारी दवाखान्यात कधी असतात, कधी नसतात. पोराच्या वह्या. पोरीचा क्लास. स्वतःचा दात, जो तीन वर्षं लवंगेवर काढला. बचत गटात भरायचे शंभर रुपये. यातली उधळपट्टी कोणती, ते कुणीतरी बोट ठेवून दाखवा.

आणि शेळी.

या जिल्ह्याने देशाला एक जात दिली आहे, उस्मानाबादी शेळी. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं, शेळीचं बदललेलं नाही. बहुतेक काळी, उंच, लांब कानांची. कोरड्या हवेत तग धरणारी, बांधावरचा आणि बाभळीचा पाला खाऊन दूध आणि मांस दोन्ही देणारी. पाच महिन्यांचा गाभण काळ, नीट सांभाळ झाला तर दोन वर्षांत तीन वेतं आणि अनेकदा जुळी करडं. कुठल्याही बँकेने असं व्याज दिलेलं नाही.

पाच-सहा हप्ते बाजूला पडले की बाजारात पाट, म्हणजे तरुण शेळी, घेता येते. वर्षा-दीड वर्षात दावणीला तीन-चार जनावरं होतात. बोकड ईदला किंवा जत्रेला जातो, पाट घरी राहते. लेकीच्या फीचा दिवस आला की करडू विकायचं, पुढच्या वेताची वाट पाहायची. सावकाराच्या दारात जायचं नाही. हे नियोजन करणाऱ्या बाईला आपण ‘फुकटचं खाणारी’ म्हणतो. तिला आर्थिक साक्षरता शिकवायला शिबिरं भरवतो. खरं तर शिबिरात खुर्चीवर तिला बसवायला हवं आणि आपण सतरंजीवर बसायला हवं.

हे सगळं आशावादी माणसाचं बोलणं आहे, असं म्हणाल. मग पुरावाच घ्या.

इंदूर काही फार लांब नाही. २०११-१२ मध्ये तिथल्या आसपासच्या खेड्यांत ‘सेवा’ या महिलांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने एक प्रयोग केला. गावातल्या प्रत्येकाला, कुठलीही अट न घालता, दर महिन्याला पैसे. मोठ्या माणसाला २००, मुलामागे १००. पुढे ३०० आणि १५०. मुलांचे पैसे आईच्या हातात. शेजारच्या सारख्याच गावांना काही दिलं नाही आणि दोन्हीकडचे हिशेब ताडून पाहिले. पैसे मिळालेल्या गावांत लोकांनी डाळी आणि भाजीपाला जास्त खाल्ला. मुलींची वजनं सुधारली. बी-बियाणं घेतलं, जनावरं घेतली. कर्ज कमी झालं. दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी कमी करून स्वतःच्या शेतात राबणारे वाढले.

दारू? वाढली नाही.

जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये जगभरातल्या अशा एकोणीस अभ्यासांचा आढावा घेतला. हातात रोख दिल्याने गरीब माणूस दारू-तंबाखूवर जास्त खर्च करतो, असं त्यांत आढळलं नाही. आपल्या टपरीवर ही बातमी अजून पोचलेली नाही.

आता पगारदाराकडे वळू. त्याचं काही वाईट चिंतायचं नाही. शेतकरी घरातला एकुलता एक पगार हा कधीच एका माणसाचा नसतो. भावाची मोटर जळते, बहिणीचं लग्न निघतं, बापाचं ऑपरेशन येतं, आणि प्रत्येक वेळी फोन त्यालाच जातो. पहिली दहा वर्षं त्याचा पगार त्याने पाहिलेलाही नसतो. हे ओझं खरं आहे आणि त्याला कुणी हार घालत नाही.

पण त्यानंतरचं काय?

त्यानंतर प्लॉट. बायपासच्या पलीकडे, जिथे नळ नाही, नाली नाही, रस्ता कागदावर आहे. एक झाला की दुसरा. त्यानंतर मोठी गाडी. त्यानंतर पोरीच्या लग्नात मंगल कार्यालय, ड्रोन, हळदीला वेगळा मांडव, आणि हे सगळं फेडायला पतसंस्थेचं कर्ज. वेतन आयोग आला की हप्ता वाढवून नवं कर्ज. पगार ठरलेला असतो म्हणून कर्ज मिळतं, आणि कर्ज मिळतं म्हणून पगार पुरत नाही. या माणसाला आर्थिक शिस्तीचं शिबिर कुणी घेत नाही.

निवृत्त झाल्यावर तर कमालच होते. चाळीस वर्षांची पुंजी हातात येते आणि ती ठेवायची कुठे, हे दोन टक्के जास्त व्याज ठरवतं. धाराशिवच्या वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ मध्ये रद्द केला. तिथे निदान ठेव विमा होता, पाच लाखांपर्यंतचे पैसे परत मिळायची सोय होती. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटसारख्या संस्थांना तो विमाही नाही, कारण त्या बँका नाहीतच. मराठवाडाभरच्या ठेवीदारांचे पैसे तिथे अडकले, गुन्हे दाखल झाले, ईडी आली. रांगेत कोण उभे होते? शिक्षक, कारकून, निवृत्त हवालदार. शिकलेली, सही करणारी, वर्तमानपत्र वाचणारी माणसं.

शेळीवाली त्या रांगेत नव्हती.

पगारदारांची फसवणूक झाली, ते दुःख खरंच आहे. त्यांच्या घामाचे पैसे त्यांना मिळालेच पाहिजेत. पण पैसे कसे वापरावेत याचं शहाणपण पगाराच्या आकड्याबरोबर वाढत जातं, ही समजूत तेवढी आता सोडून द्यावी.

तरीही हिशेब खालच्यांनाच मागायचा असेल, तर एक आकडा ठेवा. मे २०२५ मध्ये सरकारच्याच पडताळणीत लाडक्या बहिणींच्या यादीत २,२८९ सरकारी कर्मचारी महिला निघाल्या. दोन महिन्यांनी कळलं की चौदा हजारांवर पुरुषांनीही या बहिणींच्या रांगेत हात पुढे केला होता. फुकट्या कोण, ते टपरीवर एकदा ठरवून घ्या.

पीएम-किसानचं पाहा. चार महिन्यांनी दोन हजार. २०२३ पासून राज्याच्या ‘नमो’ योजनेचे आणखी तेवढेच. वर्षाला बारा हजार. डीएपीची गोणी १,३५०, युरियाची २६६ रुपये ५० पैसे. एक डीएपी आणि दोन युरिया घेतले की केंद्राचे दोन हजार संपले, वर शंभर-सव्वाशे उरले. तेही उरत नाहीत, कारण दुकानदार लिंकिंगमध्ये नको असलेली बाटली गळ्यात मारतो. शेतकऱ्याने पैसे उधळले म्हणता? ते खताच्या दुकानातून पुढे गेले, त्याचा माग काढा.

पंधराशेचाही माग काढायला हरकत नाही. तो पुष्कळदा एका अंगणात जाऊन थांबतो. तिथे आठवड्याला किंवा पंधरवड्याला मायक्रोफायनान्सची बैठक भरते. सतरंजी, बायकांचा गोल, मध्ये टॅब घेतलेला पोरगा. एकीचा हप्ता चुकला तर सगळ्यांनी बसून राहायचं. रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम सांगतो की घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. त्या अंगणात उत्पन्न मोजायला कोण बसतं? एका कंपनीचा हप्ता दुसरीच्या कर्जातून जातो, दुसरीचा तिसरीच्या. सरकारने बाईच्या हातात पंधराशे ठेवले, आणि तिच्या खात्यावर दर महिन्याला काहीतरी येतं एवढं पाहून कर्ज वाटणाऱ्याने तिला आणखी एक कर्ज दिलं.

इथे मात्र रागावायला हवं. टपरीवरचा सगळा राग या अंगणाकडे वळवला, तर त्याचा काही उपयोग तरी होईल.

या जिल्ह्यात बायकांनी याहून चांगली वाट काढलेली आहे, तीही सरकारच्या आधी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने लातूरबरोबर लोहारा-उमरग्याची गावंही झोपवली. पुनर्वसनाच्या कामातून इथल्या बायकांचे गट उभे राहिले, प्रेमा गोपालन यांची ‘स्वयम शिक्षण प्रयोग’ ही संस्था त्यांच्या पाठीशी राहिली. पुढे दुष्काळ सलग येऊ लागला तेव्हा या बायकांनी घरात एक मागणी केली. सगळं रान ऊस-सोयाबीनला नको, अर्धा-एक एकर आमच्याकडे द्या, त्यात काय पेरायचं ते आम्ही ठरवू. मग त्यात ज्वारी, मूग, तूर, मेथी, वांगी, शेवगा. आधी घरच्या ताटात, उरलं तर बाजारात. २०१६ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

नवरे आधी हसले होते. दुष्काळात भाजी घरची निघाली, तेव्हा हसणं थांबलं.

पैसा ज्याच्या नावावर येतो, त्यालाच तो कुठे जाईल हे ठरवता येतं. बाकीच्यांना मागावं लागतं. सौर प्रकल्पांना जमीन भाड्याने दिली तर सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख मिळतात, दरवर्षी तीन टक्के वाढ धरून. बसल्या जागी, वर्षानुवर्षं. हे भाडं सातबाऱ्यावरच्या नावाने येतं. किती सातबाऱ्यांवर बायकोचं नाव आहे? तलाठ्याला विचारायची गरज नाही, स्वतःचाच काढून बघा.

दूध घालणाऱ्या घरात हे जास्त स्पष्ट कळतं. भूम तालुक्यात खव्याच्या भट्ट्या पेटतात त्या गावोगावच्या धारांवर. पाच-सहा लिटर दूध आटतं तेव्हा किलोभर खवा निघतो. धार ती काढते, शेण ती काढते, वैरण ती टाकते. दहा दिवसांनी दुधाचं बिल होतं, ते घ्यायला तो जातो. बिलातून आधी पेंडीचे पैसे कापले जातात, मग घरात येईपर्यंत आणखी कुठे कुठे कापले जातात. म्हणून बाईच्या स्वतःच्या खात्यावर, स्वतःच्या अंगठ्याने निघणारे पंधराशे हे घरातल्या सहा हजारांच्या दुधापेक्षा तिला मोठे वाटतात.

तिचं चुकतं का?

आता मूळ मुद्दा. ठरलेल्या पैशाची ताकद रकमेत निम्मी असते, उरलेली निम्मी तारखेत. एक तारखेला पगार होणार हे माहीत असतं म्हणून पगारदार उधारी घेऊ शकतो, घर बांधू शकतो, पोराला लातूरला क्लासला ठेवू शकतो. हे त्याला पक्कं कळतं. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातले सरकारी कर्मचारी आठवडाभर संपावर गेले होते. ते काय मागत होते? म्हातारपणी दर महिन्याला ठरलेली रक्कम, बाजार चढो की पडो. मागणी रास्तच होती. भरवशाचा पैसा म्हणजे काय, हे ढोकीच्या तेरणा कारखान्याच्या कामगारांनाही विचारा. ‘कायम’ म्हणून लागले आणि कारखानाच वर्षानुवर्षं बंद राहिला.

मग हाच भरवसा शेतमजूर बाईने मागितला की ती आळशी कशी होते?

आणि तिला तो भरवसा मिळतोय कुठे? निवडणूक जवळ होती तेव्हा ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२४ चे पैसे आचारसंहितेच्या आधी, आगाऊ मिळाले. मतदान झाल्यावर महिन्याचा हप्ता महिना उलटून येऊ लागला. निवडणुकीत कबूल केलेले महिन्याचे २१०० मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात आले नाहीत. उलट योजनेची तरतूद ४६ हजार कोटींवरून ३६ हजार कोटींवर आली. सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसी लागली, आणि तीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला. नवरा वारला, बापही वारला, तिने कुणाचा आणायचा? ओरड झाली तेव्हा मुदत वाढली आणि कागदपत्रं अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय झाली. अर्ज तयार करताना विधवा बाई कुणाच्या डोळ्यांपुढे आलीच नव्हती का?

पैसे कधी येणार हे माहीत नसलं की माणूस नियोजन करत नाही. आले की वापरून टाकतो, कारण पुढचे येतील याची खात्री नसते. मग आपणच म्हणतो, बघा, हातात टिकत नाही.

खेड्यातली बाई ग्राहक सेवा केंद्रात जाते. एसटीचं अर्धं तिकीट आहे, ती सोय मार्च २०२३ पासून झाली, चांगली झाली. पण फेरी ती फेरीच, त्या दिवसाची मजुरी बुडतेच. रांगेत उभी राहते. खुरपं धरून रेषा झिजलेला अंगठा यंत्र घेत नाही. पुसून पुन्हा, मग दुसरं बोट. लागलं एकदाचं, तर पडद्यावर शिल्लक शून्य. ‘अजून आले नाहीत मावशी, पुढच्या आठवड्यात बघा.’ पुढचा आठवडा म्हणजे कोणता वार, हे केंद्रवाल्यालाही माहीत नसतं. जिल्ह्याच्या ठिकाणी विचारलं तर मुंबईकडे बोट. मुंबईत विचारलं तर ‘लवकरच’.

कर्मचाऱ्याच्या पगाराला तारीख आहे. आमदाराच्या पेन्शनला तारीख आहे. बँकेच्या हप्त्याला तारीख आहे, ती चुकली तर दंड आहे. तिच्या पंधराशेलाही एक तारीख लावा, महिन्याची पाच म्हणा किंवा दहा. शासन निर्णयात छापा. चुकली तर सरकारनेही दंड भरावा, दिवसाला जो काय बसेल तो, तिच्याच खात्यात.

हिशेब मागणाऱ्यांनी आधी ही तारीख मागावी.